टोरंटो ते केनवड

त्या दिवशी आईनं माझ्या हातात मुगाच्या कढणाचा डबा दिला आणि मोठीआईकडे पोचवून लगेच परत यायला सांगितलं. हरभरा सोंगायला बाया लावल्या होत्या, त्यांचा चहा माझ्याकडे होता. मोठीआईचं घर आमच्या घराला लागूनच आहे. डबा द्यायचा, मोठेबाबा कसे आहेत विचारायचं आणि यायचं. एवढंच काम होतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, मारोतराव, आणि मोठीआई त्यांची बायको. वाशिमच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं होतं. नुसतं घरी न्या असं डॉक्टर म्हणतात तेव्हा काय समजायचं ते आमच्या केनवडात सगळ्यांना समजतं. पाहुणे येऊन गेले, गंगाजळ झालं, तुळशीचं पान झालं, गीतेचा पंधरावा अध्याय झाला, आणि तरी जीव जाईना. दिवसचे दिवस गळ्यात घरघर आणि डोळे दाराकडे. सुरुवातीला लोक हळहळले. मग कंटाळले. पारावरची माणसं म्हणायला लागली, मारोतरावाचं विमान लेट हाय. हे ऐकून माझे बाबासुद्धा हसले, सख्खे भाऊ असून. माणूस मरायला वेळ लावतो तेव्हा लोक असे होतात, हे मी त्या दिवसांत पाहिलं.

विमान म्हणायचं कारण ऋषिकेश. मोठेबाबांचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ, टोरंटोला असतो. जाऊन सात वर्षं झाली, एकदाही आला नाही. लग्नसुद्धा तिकडेच केलं, नाशिकच्या रंजीताशी. मोठीआईनं सून फक्त फोनमध्ये पाहिली. मोठेबाबांचा जीव त्याच्यातच अडकला होता, त्यात कोणाला शंका नव्हती.

मी डबा घेऊन आत गेले तेव्हा मोठीआई खाटेच्या पायथ्याशी बसली होती आणि उशाशी रुपाबाई होती. रुपाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला एकटी राहते. तिच्या घरचे सगळे दर साली ऊस तोडायला खाली नगरकडे जातात आणि म्हातारी माणसं मागे राहतात. तिच्या सासरी म्हातारे नेमके ऊसतोडीच्याच दिवसांत जायचे, मुलं शेकडो कोसांवर असताना. म्हणून तिच्या सासूकडे एक रीत होती, ती रुपाबाईला आली होती. वाट सांगणं.

म्हणजे असं. मुलगा तिकडून निघाला की मरणाऱ्याच्या कानाशी बसायचं आणि त्याची वाट सांगत राहायची. आता तो गाडीत बसला, आता नगर आलं, आता जालना, आता मेहकर, आता आपला फाटा. मुलाला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ घ्यायचा, घाईनं आणायचं नाही. एकदा दाराशी आणला की जीव सुटतो. खरा मुलगा मागून दोन तासांनी पोचला तरी चालतं. तोवर बाप समाधानानं गेलेला असतो. आमच्या गल्लीतली दोन माणसं रुपाबाईनं अशी सोडवली होती. मला ते क्रूर वाटायचं नाही. उलट फार मायेचं वाटायचं.

"वैजू, बस," रुपाबाई मला म्हणाली. "एसटीची वाट मले येते. रेल्वेचीबी येते. हे आभाळातली नाई येत. तू कालेजात शिकली, तू सांग."

मी बी.एस्सी. झाले आहे, पण कुकरची शिट्टी झाली तरी अजून दचकते. घरघरणाऱ्या माणसाच्या तोंडाशी तोंड नेऊन बसणं मला नको होतं. मी हरभऱ्याचं, बायांच्या चहाचं कारण सांगितलं. मोठीआईनं उठून माझ्या हातातला डबा घेतला आणि दार लोटून घेतलं.

रुपाबाईनं आधी तिला विचारलं, पोरगा घरून निघाला ना? उंबरा ओलांडला ना? कारण जो निघाला नाही त्याची वाट सांगायची नसते. मोठीआई म्हणाली, निघाला म्हणे. मी फ्लाइट कोणती ते विचारलं तर म्हणाली, मले काय समजते फ्लाइट-बिलाइट. मी ऋषिकेशला मेसेज टाकला. एकच बारीक टिक आली, दुसरी येईना. म्हणजे फोन बंद, म्हणजे विमानात बसला. मला ते पटलं.

मग मोबाईलवर अंतर शोधलं. टोरंटो ते नागपूर, सरळ रेषेत सव्वाबारा हजार किलोमीटर. नकाशावर एक बारीक वाकडी रेघ होती, धनुष्यासारखी. पण तसं थेट विमान नसतंच. टोरंटोहून दोहा साडेबारा तास, तिथे तीन तास बसून राहायचं, पुढे नागपूर चार तास, मग समृद्धी महामार्गानं आमचं वाशिमकडचं मालेगाव आणि तिथून घर. सगळं मिळून एक दिवस आणि एक रात्र. रुपाबाईला ती रेघ दाखवली तर तिनं मान हलवली.

"सरळ वाट नको. सरळ त पाखरू येते. माणसाले जिथं जिथं उतरा लागते, तिथं तिथं उतरव. अन् एक आइक. वाट खाली ठेवाची नाई. तुले उठा लागलं त माह्या तोंडात दे, मले उठा लागलं त मी तुह्या तोंडात देईन. मधात रिकामी सोडाची नाई."

अकराच्या सुमारास मी सुरुवात केली. बाहेर लख्ख ऊन होतं, कोणाच्या तरी खळ्यात मळणीयंत्र चालू होतं. अशा वेळी भीती वाटू नये खरं तर. पण मला आठवत होतं की आपल्याकडे दुपार चढते तेव्हा तिकडे मध्यरात्र असते, आणि मी एका उजेडाच्या घरात बसून अंधारातलं काहीतरी ओढत होते.

"मोठेबाबा," मी कानाशी म्हणाले, "रुषीदादा विमानात बसला. पट्टा लावला त्यानं. विमान हाललं… आता धावून राह्यलं… उचललं."

घरघर थांबली.

गेली नाही, थांबली; एखादा माणूस दुसऱ्याचं बोलणं ऐकायला थांबतो तशी. मग परत सुरू झाली, पण संथ. रुपाबाईनं मला डोळ्यांनीच पुढे सांग म्हटलं.

मी स्वतः विमानात कधी बसले नाही. जे व्हिडिओत पाहिलं होतं ते सांगत गेले. खालचे दिवे बारीक झाले. ढग आले. जेवण आलं. दिवे मालवले. प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबायचं, मोबाईलमध्ये पाहायचं, विमान एवढ्या वेळात कुठवर येतं त्याचा अंदाज घ्यायचा. तासाभरानं माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटायला लागला. खोलीत कापूर आणि लघवीचा वास होता. हळूहळू त्यात दुसरा एक वास मिसळला, नव्या प्लास्टिकचा, बंद थंड हवेचा. मी रुपाबाईकडे पाहिलं. तिनं नाकाला पदर लावला होता.

"किनारा सुटला," मी म्हणाले. "आता खाली समुद्र."

तेव्हा मोठेबाबा बोलले. किती दिवसांत त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"खिडकीपाशी बसला हाय," ते म्हणाले. ओठ हललेच नाहीत फारसे. "थंडी वाजून राह्यली त्याले… पांघरून द्या."

मोठीआईनं तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हाताआड ती हसत होती. मला ते हसू तेव्हा आईचं वाटलं.

दुपारी रुपाबाई भाकर खायला घरी गेली. जाताना वाट माझ्या तोंडात नीट देऊन गेली, म्हणजे तिचं शेवटचं वाक्य मी परत म्हटलं आणि पुढे चालू केलं. साडेतीन वाजले असतील. मळणीयंत्र बंद पडलं होतं, गल्लीत कुत्रंही नव्हतं. मी समुद्रावरच होते. समुद्राचं काय सांगायचं? पाणी, पाणी, आणखी पाणी. त्याच त्या शब्दांनी माझे डोळे मिटायला लागले आणि मांडीवरचा फोन थरथरला.

मी किंचाळलेच. फोन खाली पडला, मी खाटेवरून उठले, तो उचलला. रंजीता होती.

तिकडे पहाट होती. ऋषिकेशची सकाळची पाळी असते, तो पाचला उठतो. ती रडत होती. म्हणाली, हा उठत नाहीये, वैजयंती. श्वास चालू आहे पण उठतच नाहीये. अंग बर्फासारखं आहे. अंगावर दोन ब्लँकेट घातलीत…

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, वहिनी, तो तर विमानात आहे ना. ती म्हणाली, कसलं विमान? तो रात्री जेवून झोपला, माझ्या शेजारी आहे.

मी तिला काय सांगितलं आठवत नाही. अॅम्ब्युलन्स बोलवा एवढं म्हणाले बहुतेक. ती हाका मारत होती, ऋषी, ऋषी, आणि त्या हाकांच्या मागे मला एक आवाज ऐकू येत होता, एकसारखा, घुमणारा, लांबच्या मळणीयंत्रासारखा. पाच-सात मिनिटं तरी मी फोनवर होते. मग माझं लक्ष खाटेकडे गेलं.

मोठेबाबांची छाती वर उचललेली होती आणि तशीच राहिली होती. श्वास आत घेतलेला, बाहेर सोडलेला नाही. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. डोळे छताकडे, उघडे, आणि बुबुळं इकडून तिकडे फिरत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी.

"मोठीआई," मी म्हणाले. "तो घरीच हाय. निघालाच नाई तो."

"मले मालूम हाय," मोठीआई म्हणाली.

ती करंड्यातलं कुंकू बोटानं सारखं करत होती. पाहुणा यायच्या आधी बायका करतात तसं.

"सात वर्सं बोलावून राह्यले मी त्याले. बाप मरून राह्यला म्हणलं, त म्हणते, आई, व्हिडिओ लाव." तिनं करंडा बंद केला. "आता येऊन राह्यला. तू सांग."

"तिकडं तो उठून नाई राह्यला…"

"इकडं उठन मंग."

मी दाराकडे गेले. दाराला आतून कुलूप होतं. ते तिनं कधी लावलं, मला माहीत नाही. मी कडी ओढली, रडले, बाबांना हाक मारली. बाबा शेतावर होते. मोठीआई माझ्या मागे येऊन उभी राहिली, तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि फार प्रेमानं सांगितलं की थांबली तर दोघंही असेच राहतील. एक इथं खाटेवर, एक तिथं पाण्यावर. मी मागे वळून मोठेबाबांच्या छातीकडे पाहिलं. ती अजून वरच होती.

मग मी परत बसले. दुसरं काय करणार होते? ऋषिकेशला कुठेतरी उतरवायलाच हवं होतं, आणि उतरवायची जागा एकच होती.

"समुद्र…" मी म्हणाले. "समुद्र संपत आला."

छाती खाली आली. पण खाली येताना त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो सुटकेचा नव्हता. त्यांनी माझ्या हातातून आपला हात ओढला. ज्या माणसाला कूस वळवता येत नव्हती त्याच्या हातात एवढं बळ कुठून आलं! नखं माझ्या मनगटात रुतली.

"नको," ते म्हणाले. "हे नको…"

"दुखून राह्यलं त्याईले," मोठीआई म्हणाली. तिनं टॉवेल आणला आणि त्यांचा हात खाटेच्या माच्याला बांधून टाकला. घट्ट नाही, नीट, गाठ सैल ठेवून, बाळाला बांधावं तसा. मग मला पुढे सांग म्हणाली.

रुपाबाई परत आली तेव्हा मोठीआईनं कुलूप काढलं. रुपाबाईनं आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली. खोलीत थंडगार झालं होतं. फेब्रुवारीतल्या दुपारी आमच्याकडे पंखा लागतो, आणि माझ्या तोंडातून वाफ निघत होती. तिनं मला विचारलं, मधात खाली ठेवली होती का? मी सांगत सांगतच होकाराची मान डोलावली. कुठी, तिनं विचारलं. मी मोबाईलमधल्या नकाशावरचं निळं दाखवलं.

ती बराच वेळ त्या निळ्याकडे पाहत राहिली. मग खाली वाकून चपला उचलल्या, पायात न घालता.

"पुरी कर आता," म्हणाली. "मी बसत नाई."

आणि गेली. मोठीआईनं परत कुलूप लावलं.

ती रात्र मी कशी काढली ते मी सांगणार नाही. मला उठू दिलं नाही, एवढंच. वाट तोंडात घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मोठीआईला त्या गावांची नावं येत नव्हती. ती चमच्यानं माझ्या तोंडात पाणी घालायची आणि मी झोपेत झुकले की चिमटा काढायची. आई दाराशी येऊन गेली. मोठीआईनं आतूनच सांगितलं, वैजू वाट सांगून राह्यली, तोडू नका. आईनं ते मोडलं नाही. मरणाऱ्याच्या घरचा शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही.

दोहाला मी त्याला उतरवलं, तीन तास बसवलं. परत समुद्र, मग गुजरातचा किनारा. उजाडताना नागपूर. प्रत्येक ठिकाणी मोठेबाबा नको म्हणायचे. आधी तोंडानं, मग फक्त डोळ्यांनी. कारंज्याच्या पुढे ते रडायला लागले. आवाज न करता, लहान मुलाला अंधारात काही दिसल्यावर तो रडतो तसे. मी मोठीआईला म्हणाले, हे घाबरले आहेत. ती म्हणाली, सात वर्सांनी पोरगं दिसन, मन भरून आलं त्याईचं.

शेलूबाजार. मालेगाव. मालेगावात मी मुद्दाम रेंगाळले, त्याला चहा पाजला, गाडीत हवा भरायला लावली. मोठीआईनं माझ्या दंडावर बोटं ठेवली आणि हळूच दाबली.

"फाटा आला," मी म्हणाले. "गावात शिरली गाडी. शाळा… मारुतीचं देऊळ… आपली गल्ली."

बाहेर कोणी नव्हतं, खिडकीतून मला गल्ली दिसत होती. लख्ख ऊन, पसरलेली तूर, एक शेळी. शेळीनं मान वर केली आणि दावं ताणून भिंतीला चिकटली. मग आवाज आला. बॅगेची बारीक चाकं फरशीवरून फिरतात तसा, खडखड खडखड, अंगणाच्या टोकापासून दारापर्यंत. फरशीवर काही नव्हतं. फक्त वाळायला घातलेल्या तुरीतून दोन रेघा उमटत गेल्या, आणि त्या ओलसर होत्या.

"दाराशी…" मोठेबाबा माझ्याकडे पाहत होते. एवढी विनवणी मी कोणाच्या डोळ्यांत पाहिली नाही.

"सांग," मोठीआई म्हणाली.

"दाराशी आला."

मोठीआईनं कुलूप काढून दार उघडलं. थंडी आत आली आणि माझ्या गुडघ्यांना घासून खाटेकडे गेली. मोठेबाबांचं तोंड किंचाळण्यासाठी उघडलं ते उघडंच राहिलं. जीव सुटला होता. डोळे मिटायला मोठीआई गेली, मिटेनात. बाबांनी प्रयत्न केला, तिरडी बांधणाऱ्यांनी केला. शेवटी वरून फडकं टाकून नेलं. बाबांनीच अग्नी दिला. पारावरची माणसं म्हणाली, सुटला बापा एकदाचा.

मोठीआई रडली नाही. तिसऱ्या दिवसापासून तिनं रोज चूल पेटवली, सुतकाचं घर असून. दोन ताटांचा आवाज यायचा. आईनं बाबांना म्हटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. बाबा म्हणाले, होऊ दे, तिचं जाते का आपलं जाते. मी अंथरुणातून उठत नव्हते. मला ताप होता. भिंतीतून मोठीआईचं बोलणं ऐकू यायचं, दिवसभर, लाडालाडानं. लहानपणीच्या गोष्टी सांगायची. शेतातली विहीर, शाळेतला मार. मधून मधून थांबायची, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी, आणि मग हसायची. त्या हसण्याआधीचं मला कधी काही ऐकू आलं नाही. एक मात्र होतं. तिच्याकडचं मीठ सारखं संपायचं. दिवसाआड ती आमच्याकडे पुडा मागायला यायची आणि कौतुकानं म्हणायची, रुषीले आता फिकं चालत नाई.

तिकडे ऋषिकेश दवाखान्यात होता. रंजीता मला रोज फोन करायची, दुसरं कोण होतं तिला. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. मेंदू नीट, काळीज नीट, फक्त माणूस उठत नाही आणि अंग तापत नाही. ती मला विचारायची, त्या दिवशी तू विमान-विमान काय म्हणत होतीस? तिला काय सांगू? तुझा नवरा इथं त्याच्या आईच्या हातचं खातोय, असं? तसं मला वाटत होतं खरं. मी मनाशी ठरवलंही होतं, की तेरवी झाली की रुपाबाईच्या पाया पडायचं आणि परतीची वाट कशी सांगतात ते विचारायचं. तो निदान भिंतीपलीकडे आहे, हरवलेला नाही, या एका गोष्टीवर मी ते दिवस काढले.

तेरवीच्या दिवशी दुपारी रंजीताचा फोन आला. घरात मी एकटीच होते, सगळे मंडपात जेवायला गेले होते. ती कुजबुजत होती. म्हणाली, हा बोलतोय. आत्ता, झोपेतच. तुझं नाव घेतोय. मी फोन त्याच्या तोंडाशी धरते.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग तो घुमणारा आवाज. मग ऋषिकेश. स्पष्ट, त्याचाच आवाज, दात वाजत असलेला.

"वैजू… वैजू, तू बोलता बोलता थांबली…"

मी फोन कानाला दाबला.

"मी तिथंच हाओ… खाली नुस्तं पाणी हाय. किती आवाज देऊन राह्यलो तुले… पुढचं सांग ना."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. मी थांबले होते तिथून तो पुढे आलाच नव्हता. मग मी दोहाला उतरवलं ते कोणाला? मालेगावात चहा पाजला कोणाला? मोठेबाबा नको नको म्हणत होते ते कोणाला पाहून?

फोनमध्ये तो रडत होता. मी डोळे मिटले, फोन दोन्ही हातांनी धरला आणि सांगायला लागले. जेवढं हळू बोलता येईल तेवढं हळू. "मी हाओ, रुषीदादा… आता थांबत नाई. समुद्र संपत आला. खाली पाह्य, काठ दिसून राह्यला… हिरवा…"

"हो," तो म्हणाला. "हो, दिसून राह्यला…"

आमचं दार करकरलं.

मी डोळे उघडले. दारात मोठीआई उभी होती. नवीन पातळ, अंगावर हळदीचा वास, हातात पुरणपोळ्यांची परात. इतक्या वर्षांत मी तिला एवढी सुखी पाहिली नव्हती.

"वैजू," ती गोड आवाजात म्हणाली, "रुषी इचारून राह्यला, कोनाले आनून राह्यली तू?"

परात जड होती. तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती. आणि तिच्या डोक्याच्या हातभर वर, दाराच्या फळीला बाहेरून चार बोटांनी धरलेलं होतं. बोटं ओली होती.